कोकण किनाऱ्याच्या वॉरगेममध्ये आरमार कसं चालवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या चार-पाच जणांनी मिळून १६७९ ते १७५६ या काळातल्या कोकण किनाऱ्यावर एक बोर्डगेम करायला घेतलाय. घाट, गड, घोडदळ, रसद यांचे नियम बसलेत, पण समुद्रावर आलं की सगळं फसतं. आरमार एका फेरीत वसईहून गोव्याला जाऊन परत येतं, जंजिरा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पडतो, आणि बंदरात उभ्या असलेल्या जहाजांचं काय करायचं यावर दर रविवारी भांडण होतं. शेवटी विचारलंय की जहाजांना मूव्हमेंट पॉइंट, म्हणजे एका फेरीतली हालचाल, किती द्यावेत.

पॉइंट किती ते सगळ्यात शेवटी ठरवा. आधी बंदराचे नियम लिहा. या किनाऱ्यावरचं आरमार समुद्रावर राहत नव्हतं, बंदरात राहत होतं. बाहेर पडायचं, काम उरकायचं आणि परत यायचं, असा त्याचा सगळा कारभार. तुम्ही जहाजाला घोडदळासारखं वागवलंय, म्हणून ते नकाशाभर भटकतंय.

नकाशापासून सुरुवात करू. समुद्रावर हेक्स, म्हणजे षटकोनी घरं, काढले असतील तर पुसून टाका. हेक्सचा उपयोग जिथे जमिनीचा पोत पावलागणिक बदलतो तिथे. समुद्राचे सरळ पट्टे करा: वसई-मुंबई, चौल-अलिबाग, राजपुरी, दाभोळ-हर्णै, जयगड-रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण-वेंगुर्ले आणि गोवा. एवढे आठ पुरतात. मात्र प्रत्येक पट्ट्याचे दोन भाग पाडा, किनाऱ्यालगतचं पाणी आणि खोल पाणी. ही रेघ तुमच्या अख्ख्या खेळातली सगळ्यात महत्त्वाची रेघ आहे. गलबतं आणि गुराबा, म्हणजे इथली लहान-मोठी जहाजं, दोन्हीकडे जाऊ शकतात. युरोपीय मोठी जहाजं फक्त खोल पाण्यात, आणि ज्या बंदराच्या तोंडाशी पुरेशी खोली आहे असं तुम्ही नकाशावर दाखवलंय तेवढ्याच बंदरांत.

तुमच्यापैकी बरेच जण डिप्लोमसी हा बोर्डगेम खेळलेले असणार. त्यात एक बारीक नियम आहे, तो आठवा: किनारी प्रांतात उभं असलेलं आरमार सैन्य पलीकडे पोचवू शकत नाही, त्यासाठी ते समुद्राच्या घरातच असावं लागतं. आणि स्पेन, बल्गेरिया, सेंट पीटर्सबर्ग या प्रांतांना दोन वेगळे किनारे आहेत. आरमार कुठल्या किनाऱ्यावर आहे ते सांगावं लागतं, आणि एका किनाऱ्यावरचं आरमार दुसऱ्या किनाऱ्याच्या समुद्रात थेट जाऊ शकत नाही. म्हणजे 'बंदरात आहे' आणि 'समुद्रात आहे' या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि बंदराला तोंड कुठल्या बाजूला आहे यालाही अर्थ आहे. एवढ्या साध्या खेळाने हे पाळलंय, तर तुमच्या खेळाने पाळायलाच हवं. टोकन बंदराच्या चौकोनात ठेवलं की ते बंदरात. तिथून ते अडवणूक करत नाही, माणसं वाहत नाही, वसुली करत नाही. त्यासाठी बाहेर पडावं लागतं.

आता वारा आणि ऋतू. वर्षाच्या तीन फेऱ्या करा. पहिली नारळी पौर्णिमेपासून मार्गशीर्षापर्यंत, दुसरी पौषापासून वैशाखापर्यंत, तिसरी पावसाळा. पावसाळ्याच्या फेरीत समुद्र बंद. 'हालचाल निम्मी' वगैरे तडजोड करू नका. जहाजं ओढून वर घेतलेली असायची किंवा खाडीत आत नेऊन बांधलेली असायची. ती फेरी डागडुजी, बांधणी, फितुरी आणि जमिनीवरच्या वेढ्यांची. दुसऱ्या फेरीत वायव्येकडचा वारा जोर धरतो, तेव्हा दक्षिणेला जाणं सोपं आणि उत्तरेला चढणं जड. म्हणून या फेरीत उत्तरेकडच्या प्रत्येक पट्ट्याला दुप्पट खर्च लावा. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन बसरूरवर गेले. जाताना दक्षिणेला सरळ उतरले, परतीचा बराच प्रवास मात्र गोकर्ण-अंकोला-कारवार असा जमिनीवरून केला. तुमच्या नियमांत खेळाडूला अशीच निवड करावीशी वाटली पाहिजे: जहाजांनी जा आणि पायी परत या.

मतलई आणि खारे वारे मात्र फेरीच्या हिशोबात घेऊ नका. चार-चार महिन्यांच्या फेरीत रात्रीचा वारा आणि दुपारचा वारा मोजणं म्हणजे निव्वळ हौस. त्यांचा उपयोग एकाच जागी आहे, तो पुढे नाकेबंदीत येईल. भरती-ओहोटीचा तक्ता तर बनवूच नका. एकाने बनवला होता, उधाण आणि भांग यांच्या तिथ्यांसकट; तिसऱ्या फेरीनंतर त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

जहाजांचे प्रकार तीनच ठेवा: गुराब, गलबत आणि युरोपीय मोठं जहाज. अठराव्या शतकातल्या इंग्रज वर्णनांत गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची सांगितलीय, पुढचं तोंड लांब आणि उतरतं, त्यातून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, ७० टनांच्या आतलं, ४०-५० वल्ह्यांचं, आणि वल्ह्यांवर तासाला सुमारे चार मैल जाणारं. वारा पडला की गलबतंच गुराबांना ओढून शत्रूच्या मागच्या बाजूला नेऊन उभी करायची, कारण तिथे मोठ्या जहाजाच्या तोफा नसतात किंवा कमी असतात. यातून लढाईचा सगळा नियम निघतो. मोठ्या जहाजाची मारक ताकद जास्त, पण 'वारा नाही' असा फासा पडला तर गलबतं सोबत असलेल्या बाजूला पहिला मारा. बस. लढाईचे तक्ते याहून लांबवू नका. आरमारी खेळ करणारे सगळे इथेच वाहवत जातात, तोफांच्या पल्ल्याची कोष्टकं करतात आणि बंदराला अर्धं पान देतात.

हालचालीसाठी पॉइंटऐवजी पल्ला वापरा. प्रत्येक ताफ्याला एक तळ, म्हणजे घरचं बंदर. ताफा तळापासून तीन पट्ट्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि फेरी संपताना तळावर किंवा दुसऱ्या मित्रबंदरात परत यायलाच हवं. तळ बदलायचा असेल तर ती अख्खी फेरी त्यातच जाते. फेरी संपताना कोणी समुद्रावर राहिलं तर प्रत्येक टोकनमागे फासा. एक आला तर जहाज गेलं, दोन आला तर दुरुस्तीला. युरोपीय मोठ्या जहाजांना ही सक्ती नको, ती बाहेर राहू शकतात. पण मग त्यांना किनाऱ्यालगतच्या पाण्यात शिरता येत नाही ही अडचण आहेच. वसई-गोवा-वसई हा चमत्कार एवढ्याने बंद होतो.

बंदर इतकं सुरक्षित असेल तर बाहेर कोण पडेल, असं कोणी विचारेल. त्यासाठी पैसा. आंग्र्यांचं दस्तक असो की पोर्तुगिजांचा कार्ताझ, परवाना न घेतलेलं व्यापारी जहाज धरायचं तर तुमचा ताफा पट्ट्यात हजर हवा. म्हणून वसुली फक्त समुद्रात असलेल्या ताफ्याला, आणि एका पट्ट्यात दोन सत्तांचे ताफे असतील तर लढाई किंवा वाटणी, तिसरा पर्याय नाही.

नाकेबंदीवर थोडं जास्त बोलू, कारण तुमचं भांडण मुळात तिथेच आहे. तुमच्या सध्याच्या नियमात शत्रूचं जहाज बंदरासमोर आलं की बंदर बंद. असं कधी झालं नाही. थळसमोरचं खांदेरी बेट घ्या. १६७९ च्या ऑगस्टअखेर मराठा आरमाराच्या मायनाक भंडाऱ्यांनी माणसं घेऊन बेटावर तटाचं काम सुरू केलं. मुंबईच्या तोंडाशीच हे चाललेलं पाहून इंग्रजांनी जहाजं पाठवून बेट घेरलं. तरीही समोरच्या थळच्या किनाऱ्यावरून रात्री होड्या सुटायच्या आणि माणसं, दारूगोळा, सामान बेटावर पोचायचं. होड्या उथळ पाण्यातून वल्ही मारत जायच्या, आणि मोठ्या जहाजाला नांगर उचलून वळेपर्यंत त्या पार झालेल्या असायच्या. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखाली मराठ्यांची सुमारे ६० गलबतं पहाटे इंग्रजांवर चालून गेली. इंग्रजांच्या 'डव्ह' नावाच्या गुराबेने निशाण उतरवलं, बाकीची छोटी इंग्रज जहाजं मागे राहिली, आणि त्यांचं मोठं जहाज 'रिव्हेंज' जवळजवळ एकटं लढलं. मराठ्यांची काही गलबतं बुडाली, बाकीची उथळ पाण्याच्या आसऱ्याला गेली, आणि 'रिव्हेंज'ला तिथवर पाठलाग करता येईना. समुद्रावरची लढाई कोणी जिंकली? इंग्रज म्हणतील आम्ही. पण बेट मराठ्यांकडेच राहिलं.

म्हणून नियम असा करा. नाकेबंदी करणारा प्रत्येक ताफा एक फासा टाकतो. पाच-सहा आले तरच त्या फेरीची रसद तुटते. बंदर किनाऱ्यापासून जवळ असेल तर एक वजा. नाकेबंदीला गलबतं सोबत असतील तर एक अधिक, कारण उथळ पाण्यात गलबतच गलबताला पकडतं. नाकेबंदी फक्त मोठ्या जहाजांची असेल तर आणखी एक वजा, आणि इथे तो मतलई वारा कामाला येतो: रात्री जमिनीवरून सुटलेला वारा आतल्या जहाजाला बाहेर काढायला मदत करतो आणि बाहेर उभ्या असलेल्याला समुद्राकडे ढकलतो. याच एका वजामध्ये तो बसवून टाका. जंजिऱ्याच्या सिद्दीने १६८० च्या सुरुवातीला शेजारची उंदेरी ताब्यात घेतली ती उगाच नाही. समोरासमोर किल्ला असला की नाकेबंदी जहाजांवर अवलंबून राहत नाही. शेजारच्या बेटावर तुमचा किल्ला असेल तर दोन अधिक द्या, आणि मग खेळाडू बेटांसाठी आपोआप भांडायला लागतील.

आता बंदर. प्रत्येक बंदराचं एक पत्त्याएवढं कार्ड करा आणि त्यावर चार गोष्टी लिहा: किती जहाजं मावतात, किती मोठं जहाज आत येतं, पावसाळ्यात आसरा आहे का, आणि पाठ कोणाकडे आहे. पाठ म्हणजे बंदरामागची जमीन, म्हणजेच रसद येणारी घाटवाट. विजयदुर्गाला वाघोटणची खाडी आत लांबवर गेलेली, म्हणून क्षमता मोठी आणि आसरा उत्तम. मुंबई तर सगळ्यात सरस. खांदेरीला किल्ला आहे पण गुराबांना राहायला जागा नाही, म्हणून तिथे फक्त गलबतं, तीही मोजकी. अलिबागच्या कुलाब्याला ओहोटीला चालत जाता येतं. तो किल्ला समुद्राचा आणि जमिनीचाही, म्हणून दोन्ही बाजूंनी वेढा लावता येतो.

पाठीचा रकाना कोणीही विसरतं, आणि या काळातला बंदरांचा सगळा इतिहास त्या रकान्यात आहे. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. त्यांच्याकडे जहाजं होती, तोफा होत्या, जमिनीवर उतरवलेली फौजही होती. तरी फसले, कारण कान्होजी आंग्र्यांच्या मदतीला बाजीराव घोडदळ घेऊन आले आणि पोर्तुगिजांनी तह केला. विजयदुर्गावरचा इंग्रजांचा १७२० चा हल्लाही वाया गेला होता. त्या वेळी तर त्यांनी 'फ्राम' नावाची तरंगती तोफबारी खास बांधून आणली होती. हेच विजयदुर्ग १७५६ मध्ये पडलं. तेव्हा पेशव्यांची फौज तुळाजी आंग्र्यांच्या विरुद्ध, किल्ल्याच्या जमिनीच्या बाजूला उभी होती. त्याच्या आदल्या वर्षी, १७५५ मध्ये, सुवर्णदुर्ग कमोडोर जेम्सने घेतला तोही पेशव्यांशी संगनमत असताना. पाठ आपली असताना बंदर समुद्राकडून पडत नाही, हा तुमच्या खेळाचा मूळ नियम करा: पाठ मित्राची असेल तर समुद्राकडून होणाऱ्या हल्ल्याला तटाची ताकद दुप्पट धरा, शत्रूची असेल तर निम्मी.

विजयदुर्गातून आणखी एक नियम निघतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजं आत शिरली तेव्हा तुळाजींचं आरमार किल्ल्याखाली एकमेकांना बांधून उभं होतं. त्यातल्या 'रिस्टोरेशन'ला, म्हणजे इंग्रजांकडूनच पूर्वी पकडलेल्या जहाजाला, आग लागली आणि एकाचं दुसऱ्याला लागत अख्खं आरमार जळालं. पिढ्यान्पिढ्यांचं काम एका दिवसात गेलं. तुळाजी स्वतः तेव्हा किल्ल्यात नव्हते, मराठ्यांच्या छावणीत वाटाघाटीला गेले होते. दुसऱ्या दिवशी किल्लाही गेला. म्हणून बंदरात क्षमतेच्या निम्म्याहून जास्त जहाजं असतील आणि शत्रूने आतपर्यंत मारा केला, तर आगीचा फासा टाका. एक किंवा दोन आला तर एक जहाज जळतं आणि शेजारच्यासाठी पुन्हा फासा, थांबेपर्यंत. कोणाला हे क्रूर वाटेल, पण हा नियम नसेल तर प्रत्येक जण सगळी जहाजं सगळ्यात मजबूत किल्ल्यात कोंबून बसतो.

बंदर पडायच्या आधी आतल्या ताफ्याला निसटायची संधी द्या, पण फक्त नाकेबंदीचा फासा फसला असेल तर. निसटला तर जवळच्या मित्रबंदरात, आणि तिथे जागा नसेल तर समुद्रावर, म्हणजे फेरीअखेर पुन्हा फासा. न निसटलेली जहाजं जिंकणाऱ्याची निम्मी, उरलेली जळालेली.

दुसऱ्याच्या बंदराचा नियम तुम्ही लिहिलाच नाहीये, आणि तो मला सगळ्यात मजेशीर वाटतो. शिवकाळात सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईला माझगावात येऊन राहायचं. इंग्रजांना ते नको असायचं, पण मोगलांचा माणूस म्हणून घालवूनही देता येत नसे. त्यात सिद्दी तिथून समोरच्या मराठी मुलखात धाडी टाकायचा, आणि त्याचा राग मुंबईवर निघायचा. १६७८ च्या पावसाळ्यात ते आरमार माझगावातच जाळायचा मराठ्यांचा बेत झाला, पनवेलला माणसंही जमली, पण खाडी ओलांडायला पुरेशा होड्या मिळाल्या नाहीत. हे जसंच्या तसं नियमात उतरतं. पाहुण्या ताफ्याला आसरा द्यायचा की नाही हे यजमानाने ठरवायचं. दिला तर पाहुणा कोणावर धाड टाकेल त्याचा रोष यजमानाच्या खात्यावर जातो. नाकारला तर पाहुण्याच्या मालकाशी, इथे मोगलांशी, संबंध एक पायरी बिघडतात. पावसाळा लागण्याआधीच्या वाटाघाटी हा मग खेळाचा वेगळाच भाग होतो, आणि मुंबईचा खेळाडू दर वैशाखात डोकं धरून बसतो.

जंजिऱ्याबद्दल. तो लवकर पडतो कारण तुमच्यात बेटावरच्या किल्ल्याला वेढा घालायला जमिनीइतकंच सैन्य लागतं. बेटावर थेट हल्ला करायचा तर तीन गोष्टी एकाच फेरीत हव्यात: त्या पट्ट्याच्या किनारपाण्यावर ताबा, राजपुरीच्या बाजूला तोफा, आणि माणसं उतरवायला पुरेशी गलबतं. माणसं जहाजात चढवायला अर्धी फेरी, उतरवायला अर्धी, म्हणजे लढाई पुढच्या फेरीतच. दरम्यान कोणीतरी तुमच्या जमिनीवर चालून येतंच. १६८२ मध्ये संभाजीराजांनी किनाऱ्यापासून बेटापर्यंत भराव टाकायला घेतला होता, आणि मोगली फौज कल्याणकडे उतरल्यावर त्यांना तिकडे जावं लागलं. भराव हवा असेल तर ठेवा, तीन फेऱ्यांचं काम म्हणून, पण सलग. मध्ये सैन्य हललं की पहिल्यापासून. एवढं करून एखाद्याने जंजिरा घेतलाच तर त्याला चहा पाजा.

शेवटचा भाग तुमच्या गावाचा. पेशव्यांनी समुद्र पुण्यातून चालवला आणि तुमच्या खेळात ते दिसत नाही. पेशवे खेळाडूने आरमाराचे हुकूम एक फेरी आधी कागदावर लिहून उलटे ठेवायचे. फेरी आली की उघडायचे, बदलायचे नाहीत. आंग्रे, सिद्दी आणि इंग्रज जागच्या जागी ठरवतात. १७३३ मध्ये कान्होजींचा मुलगा सेखोजी गेल्यावर मानाजी कुलाब्याला आणि संभाजी दक्षिणेला असे आंग्रे फुटले, तिथून पुढे दोघांनाही वेगळे खेळाडू करा, पेशव्यांना त्यांच्यात भांडणं लावायची मुभा द्या, आणि एका आंग्र्याची बंदरं घेण्यासाठी इंग्रजांना बोलवायचीही. त्या बोलावण्याची किंमत मात्र खरी ठेवा: इंग्रज आत आले की बाहेर काढायला काहीतरी द्यावं लागतं. विजयदुर्ग परत मिळवायला पेशव्यांना बाणकोट द्यावं लागलं, तेही त्याच वर्षी.

सगळा नकाशा एकदम खेळू नका. आधी फक्त खांदेरी करा: चौल-अलिबाग आणि वसई-मुंबई हे दोन पट्टे, इंग्रजांची मोठी जहाजं, मराठ्यांची गलबतं, थळचा किनारा, आणि नारळी पौर्णिमेनंतरची एकच फेरी चार भागांत तोडून. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जाड पुठ्ठ्यावर संध्याकाळी कापून होईल. इंग्रज खेळाडू दर वेळी बेटाची रसद तोडत असेल तर नाकेबंदीचा फासा आणखी कडक करा. तो कधीच तोडू शकत नसेल तर जवळच्या किनाऱ्याचं वजा काढून टाका. दहातल्या तीन-चार डावांत बेट उपाशी पडत असेल, तर नियम बसला, उरलेले सहा पट्टे जोडायला घ्या.